पहिल्या फळीचा गडी, मुक्काम बोरीहाळ

मी, शरणबसप्पा वल्द मल्लप्पा कलशेट्टी, वय अदमासे पन्नास, धंदा पूर्वी खेळ व हल्ली शेती, राहणार मौजे बोरीहाळ, नळदुर्गजवळ, तालुका तुळजापूर, जिल्हा उस्मानाबाद, आज भोगीच्या दिवशी आपल्या घरच्या ओसरीवर बसून, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या भिडेला वा धाकाला न पडता, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीचे काय व्हावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे.

धंद्याच्या जागी "खेळ" हा शब्द पाहून तुळजापूरचे वकील हसले. म्हणाले, "कलशेट्टी, खेळ हा धंदा कसा होईल? नुसतं शेती लिहा." तो शब्द कोणीही खोडू नये. बारा वर्षे मी खेळाचा पगार खाल्ला. त्यावर हे घर बांधले, जमीन घेतली, लेकीचे लग्न केले. ज्यावर माणसाचे घर चालते तो त्याचा धंदा.

सोलापूरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून पाहिली आणि काळीज वाढले आहे असे सांगितले. ही बातमी गावात आल्यापासून माझा थोरला भाऊ ईरण्णा माझ्या बांधावरून सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारतो आहे. सबब हे काम आता लांबणीवर टाकण्यात अर्थ नाही.

कलम पहिले. माझी मिळकत कोठून आली याविषयी.

वडिलार्जित जमीन व नळदुर्गच्या पेठेतील दुकान मी ईरण्णाकडेच राहू दिले. त्यावर माझा व माझ्या वारसांचा कसलाही दावा नाही. खाली लिहिलेली सर्व मिळकत माझी स्वकष्टार्जित आहे. ती कशी झाली हे भाऊ लोकांना वेगळे सांगतो, म्हणून येथे खरे ते लिहितो.

ऐन जवानीत मी वडिलांबरोबर भुईमुगाच्या शेंगांच्या गाड्या घेऊन सिकंदराबादेस डनबार कंपनीच्या गोदामावर जात असे. एकदा आमच्या गाड्या आत जाण्याआधीच पहारेकऱ्यांनी फाटक लोटायला घेतले. वडील आत राहिले, बैल बाहेर. मी फाटकाला खांदा लावला. पलीकडून चार पहारेकरी रेटत होते, अलीकडून मी एकटा. फाटक हळूहळू उघडत गेले आणि ते चौघे मातीत पाय रोवून मागे सरकत गेले. कंपनीचे मोठे साहेब, डनबार, गच्चीवरून पाहत होते. मला वाटले आता चाबूक बसणार. साहेब खाली आले, माझ्या मानेला व दंडाला हात लावून पाहिला, बैल घेताना पाहतात तसा, आणि आपल्या कारकुनाला काही बोलले.

तो कारकून म्हणजे मार्तंड. तुळजापूरच्या पुजाऱ्याच्या घरातला, अंगाने काडीसारखा, बोलायला तिखट. तो मला मराठीत म्हणाला, "साहेब विचारतात, रोज असंच रेटायचं काम दिलं तर करशील का?"

"काय रेटायचं?"

"माणसं," मार्तंड म्हणाला.

अशी माझी नोकरी लागली. कागदावर मी गोदामाचा जमादार होतो. काम खेळाचे होते.

तो खेळ गोऱ्यांचा. त्याला रग्बी म्हणतात. चेंडू नारळासारखा लांबट असतो, तो हातात घेऊन पळायचे आणि समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवायचा. खेळ अडला की दोन्हीकडचे आठ-आठ गडी वाकून, एकमेकांत खांदे अडकवून, डोक्याला डोके भिडवून उभे राहतात. मध्ये चेंडू सोडतात आणि जो जोर करील त्याच्याकडे तो जातो. साहेब लोक त्याला काहीही म्हणोत, आम्ही त्याला जुंपणी म्हणायचो. जुंपणीच्या पहिल्या फळीत तिघे. मधला माणूस हलका लागतो. तो दोन्ही हात शेजाऱ्यांच्या खांद्यांवर टाकून जवळजवळ लोंबकळतो आणि पायाने चेंडू मागे ओढतो. त्याचे हात अडकलेले असतात, त्यामुळे पडला तर स्वतःला सावरता येत नाही. त्याची मान शेजारच्या दोघांच्या भरवशावर असते. आमच्या संघात मधला माणूस मार्तंड होता. त्याच्या उजव्या बाजूला मी.

पहिल्या दिवशी तो माझ्या खांद्यावर हात टाकत म्हणाला, "कलशेट्टी, मी माझ्या आईला एकुलता एक आहे. ध्यानात ठेव."

"तू चेंडू बघ," मी म्हणालो. "बाकीचं म्या बघतो."

बारा वर्षांत याहून जास्त करार आमच्यात झाला नाही.

खानसाम्याने मला वजन वाढावे म्हणून मटण खायला घालण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. मी ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि सणावारी हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, यावरच बारा वर्षे खेळलो आणि मटण खाणाऱ्यांना मागे रेटले. एका पंचाने आम्हा लिंगायतांच्या गळ्यात असते ते लिंग काढून ठेवायला सांगितले, दोरा कोणाच्या हाताला लागेल म्हणून. मी मैदानाबाहेर जाऊन बसलो. खेळ खोळंबला. डनबार साहेब तावातावाने आले, पण आमच्या बाजूचा जोर माझ्याविना उभा राहत नव्हता हे त्यांना ठाऊक होते. शेवटी माझी पत्नी उमाबाई हिने कापडाचा एक रुंद पट्टा शिवून दिला. त्यात लिंग छातीशी घट्ट बांधून मी प्रत्येक सामना खेळलो. त्या पट्ट्याची शिवण एकदाही उसवली नाही. कंपनीच्या शिंप्याने शिवलेले कपडे मात्र दर महिन्याला फाटत.

मी एकदाही चेंडू घेऊन रेषेपलीकडे गेलो नाही. वर्तमानपत्रात माझे नाव एकदाही आले नाही. त्याची मला खंत नाही. माझ्या मागून पळत जाऊन ज्यांनी नाव कमावले त्यांना वाट कोणी करून दिली, ते त्यांना ठाऊक आहे.

कलम दुसरे. घर.

बोरीहाळ येथील माळवदाचे राहते घर, परसू, गोठा व आडासह, माझी पत्नी उमाबाई हिला पूर्ण मालकीने देत आहे. तिला ते विकण्याचा, गहाण टाकण्याचा, कोणाला देण्याचा किंवा त्यात एकटीने मजेत राहण्याचा पूर्ण अधिकार राहील. विधवा बाईने दिराच्या घरी जाऊन राहावे असे जो कोणी तिला सांगेल, त्याला तिने दारातूनच परत पाठवावे. ती ते नीट करील. मी तिला ओळखतो.

कलम तिसरे. जमीन.

नदीच्या अंगाची काळी जमीन, विहिरीसह, माझी एकुलती एक कन्या महादेवी, जी कळंबला दिली आहे, तिला देत आहे. मुलीला जमीन कशी द्यावी असे ईरण्णा म्हणतो. तिचा बाप रेटत होता तेव्हा ती घरी आईबरोबर शेणी थापत होती. या जमिनीत तिचेही हात आहेत. तसेच वर्तमानपत्रातून कापलेले, काचेत बसवलेले एक छायाचित्र तिला द्यावे. त्यात मार्तंड आम्ही आधीच्या एका वर्षी जिंकलेला कप घेऊन हसतो आहे आणि कडेला कोणाची तरी वाकलेली पाठ दिसते. महादेवी, ती पाठ तुझ्या बापाची आहे. तुझ्या लेकरांना दाखव.

कलम चौथे. म्हैस, आणि माझा डावा खांदा कसा मोडला ते.

दुभती म्हैस गावच्या धुरपदाबाईला द्यावी. ती हाडे बसवते. माझे हाड तिनेच बसवले.

ते वर्ष कपाचे होते. शेवटचा सामना छावणीतल्या पलटणीच्या संघाशी. मैदानावर भिश्त्यांनी जरा जास्तच पाणी मारले होते. खेळ संपत आला, आम्ही थोडे पुढे होतो, आणि जुंपणी आमच्याच रेषेजवळ पडली. मार्तंडच्या डाव्या बाजूला कंपनीचा एक गोरा हिशेबनीस असे, तगडा आणि सरळ मनाचा माणूस. त्याचा पाय चिखलात गेला आणि तो बाजू सोडून खाली बसला. सोळा माणसांचा जोर एकदम मार्तंडच्या मानेवर आला. त्याचे डोके जमिनीकडे वळत चालले. त्याला ओरडताही येईना. मला त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

मी पुढे रेटणे सोडले. गुडघा खाली घातला आणि डावा खांदा मार्तंडच्या बगलेत घालून वर उचलायला लागलो. पलटणीचे गडी आमच्यावरून गेले. ज्वारीचे धाट मोडावे तसा आवाज झाला आणि मला कळले की हा आवाज माझ्यातून आला. तरी मी मार्तंडला खाली जाऊ दिले नाही. पंचाची शिट्टी झाली तोवर त्यांनी चेंडू टेकवला होता. कप गेला.

तंबूत डनबार साहेब आले. माझा हात गळ्यात बांधलेला होता. साहेब म्हणाले, मार्तंडने भाषांतर केले, "तू रेटणं का थांबवलंस? आणखी क्षणभर रेटलं असतंस तर चेंडू आपला होता."

मी साहेबांशी भाषांतराविना बोललो. "साब, कप फिर आयेगा. गर्दन फिर नहीं आती."

साहेबांनी मला त्याच आठवड्यात कमी केले. मोडक्या खांद्याचा जमादार त्यांना नको होता. माझ्या पाठोपाठ मार्तंड त्यांच्या खोलीत गेला आणि लगेच बाहेर आला.

"काय केलंस?" मी विचारले.

"टाक ठेवून आलो टेबलावर," तो म्हणाला. "ज्यांना माझ्या मानेची किंमत कळत नाही त्यांची पत्रं कोण लिहीत बसेल?"

आम्ही दोघे एकाच गाडीने परत आलो. माझी पथारी त्यानेच उचलली. स्टेशनावर हमाल करू देईना.

खांदा मात्र वाकडा जुळला. धुरपदाबाईने चाचपून पाहिले व म्हणाली, "हाड जुळलंय, सरळ न्हाय जुळलं. पर तुमाला सरळ कशाला पायजे? तुमी काय नवरदेव हाव का?" तिने माझ्याकडून शेरभर गुळाशिवाय काही घेतले नाही. म्हैस द्यावीच.

कलम पाचवे. बैल.

माझी खिलारी बैलजोडी, गाडी व जूं यासह, थोरले बंधू ईरण्णा यांना द्यावी. मी सिकंदराबादेत असताना ते चारचौघांत मला "साहेबांचा बैल" म्हणत. बारा वर्षांत एकदाही माझा खेळ पाहायला आले नाहीत, पण मी हात मोडून आलो तेव्हा "आता बैल कामातून गेला" असे म्हणायला वेशीपर्यंत आले. त्यांना बैलांची पारख आहे असे त्यांचे स्वतःचे मत आहे. जोडी उत्तम आहे. नीट सांभाळावी.

कलम सहावे. तालीम व खेळाचे मैदान.

ओढ्याकाठची तालीम, तिच्या दोन खोल्या व पुढचे मोकळे मैदान मी ईरण्णाचा मुलगा शिवप्पा यास देत आहे. यावर सगळ्यांत जास्त तकरार होईल, म्हणून यामागचे कारण सविस्तर लिहितो.

परत आल्यावर मी येथे हुतूतूचा संघ उभा केला. पकड करताना एकट्याने झेप घेऊ नये, साखळी धरावी, शेजाऱ्याचा भार आपला समजावा, हेच मी शिकवले. शिवप्पा तालमीत येत असे, पण बापाच्या बोलण्यात राहून त्याने येणे सोडले. ईरण्णाची इच्छा होती की मला मुलगा नाही तर मी शिवप्पाला दत्तक घ्यावे. मी नाही म्हणालो. ज्याने माझ्या संघात उभे राहायचे टाळले, तो माझ्या नावाला कसा उभा राहील, असे मी तेव्हा तोंडावर बोललो होतो.

गेल्या भाद्रपदात निजामाचे राज्य गेले. हिंदुस्थानची फौज नळदुर्गावरून पुढे निघून गेली आणि मागे काही दिवस कोणाचेच राज्य नव्हते. त्याआधी वर्षभर रझाकारांनी या मुलखात काय केले ते मी विसरलेलो नाही. माझ्या मेहुण्याचे घर त्यांनी जाळले. पण आमच्या पिंजार गल्लीतला दावलसाब त्यात नव्हता. तो तेव्हा आमच्या गाद्यांचा कापूस पिंजत होता. तरीही एके दिवशी दुपारी परगावचा जमाव काठ्या-कुऱ्हाडी घेऊन पिंजार गल्लीकडे निघाला, आणि त्यांच्या मागे आपल्या गावचेही लोक चालू लागले.

मी तालमीत होतो. संघातले गडी तेथेच होते. आम्ही धावत गल्लीच्या तोंडाशी गेलो. गल्ली अरुंद आहे, आठ माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहिली की भरते. दावलसाब दारात आला. "शरणप्पा, तुम हट जाव," तो म्हणाला. "हमारे वास्ते तुम कायकू मरते?"

मी त्याला घरात जाऊन दार लावायला सांगितले. गड्यांना म्हणालो, "हात अडकवा. वाका. पाठ सपाट. मारू नका कुणाला, फक्त जागा सोडू नका."

जमावाच्या पुढच्या रांगेत शिवप्पा होता. हातात काठी.

"काका, बाजूला व्हा," तो म्हणाला. "तुमच्याशी आमचं काय न्हाय."

"मग माझ्यावरनं जावं लागंल."

"ते तुमचे कोण लागतात?"

"माझ्या पाठीमागं हायत ना? मग माझेच. म्या जलमभर येवढंच काम केलंय, शिवप्पा."

मग ते आमच्यावर आले. मी पलटणीचा जोर पाहिला होता, हा तसा नव्हता, पण यात काठ्या होत्या. आम्ही वाकून धरले. पाठीवर बसत होत्या त्या बसू दिल्या. माझ्या डाव्या बाजूला आमच्या संघातला सिद्धेश्वर होता. त्याच्या डोक्यात काठी बसली आणि तो खाली गेला. माझा डावा हात नुसता लोंबतो, त्यात बळ नाही. फळीला भोक पडले. मला वाटले, संपले.

वाकलेल्या माणसाला समोरचे फक्त पाय दिसतात. माझ्यासमोर नवी करकरीत पायताणे होती. ती मी ओळखली, ईरण्णाने मुलाला मुद्दाम सोलापुराहून आणली होती. ती माझ्याकडे तोंड करून उभी होती. बराच वेळ हलली नाहीत. मग जवळ काठी पडल्याचा आवाज झाला, पायताणे वळली आणि माझ्या शेजारी येऊन जमावाकडे तोंड करून रोवली गेली. माझ्या डाव्या दंडाखालून एक हात आला आणि माझी सगळी बाजू उचलली गेली.

  पहिल्या फळीत बोलायला श्वास नसतो.

तेवढ्यात उमाबाई गल्लीच्या तोंडाशी असलेल्या आमच्या घराच्या माळवदावर चढली आणि मागच्या गावकऱ्यांना एकेकाच्या नावाने हाका मारू लागली. "ए बसलिंगप्पा! तुझी लेक अडली तवा हुसेनबीला बोलवायला कोण धावलं होतं रं? आता तिच्याच दारात काठी घेऊन आलास व्हय? तोंड वर कर, बघू दे मला!" हुसेनबी ही दावलसाबची बायको, गावातली निम्मी लेकरे तिच्या हातावर जन्मली. नाव घेतलेला माणूस मान खाली घालून मागे फिरे. मागचा जोर तुटला तशी परगावची माणसे उघडी पडली. शिव्या देत ती निघून गेली. गल्लीतले एकही दार मोडले नाही. एवढे सगळीकडे झाले नाही, पुष्कळ गावांत फार वाईट झाले. आमच्या गल्लीत झाले नाही.

मी सरळ उभा राहिलो तेव्हा शिवप्पाच्या कपाळावरून रक्त वाहत होते. मी म्हणालो, "पाठ जरा वर राहिली तुझी."

"पुढच्या बारीला खाली घेतो," तो म्हणाला.

त्या दिवसापासून ईरण्णाने त्याला घरात घेतलेले नाही. तो तालमीच्या खोलीत राहतो. सबब ती जागा त्याची. हा दत्तक नव्हे, तो ईरण्णाचाच मुलगा आहे आणि ईरण्णाने त्याचा अभिमान धरावा असे माझे सांगणे आहे. अट एकच: त्या मैदानात येणाऱ्याला जात व धर्म विचारू नये. विचारल्यास जागा उमाबाईकडे परत जाईल.

कलम सातवे. किरकोळ.

माझे खेळाचे बूट मार्तंड यास द्यावेत. त्याचे दोन्ही पाय एकाच बुटात मावतील, तरी द्यावेत. तो आता तुळजापूरला शाळेत शिकवतो आणि दर दसऱ्याला मान इकडून तिकडे फिरवून दाखवायला माझ्याकडे येतो. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यानेच करावी. वकिलांपेक्षा त्याचे अक्षर चांगले आहे आणि तो घाबरत नाही.

डनबार कंपनीस काही देणे नाही, घेणेही नाही. त्यांनी मला धंदा दिला हे मी मान्य करतो.

कलम आठवे व शेवटचे.

माझा दफनविधी आपल्या रिवाजाप्रमाणे स्वामींच्या हस्ते, महादेवीच्या जमिनीत, विहिरीच्या वरच्या अंगाला व्हावा. रडणे बेताचे असावे. येत्या यात्रेत आमच्या संघाचा सामना वाशीच्या संघाशी ठरला आहे. त्याच दिवशी मला मरण आले तर सामना रद्द करू नये. मला ओसरीवर बसवून, विभूती लावून, तसेच ठेवावे. गड्यांनी आधी खेळून यावे, काय झाले ते मोठ्याने सांगावे, मग मला न्यावे. हरले तरी सांगावे. फक्त कोणी कोणाला खाली पडू दिले नाही ना, ते आधी सांगावे.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही व यापुढे करण्याचा विचार नाही. वर लिहिलेले दोन वेळा वाचून पाहिले, एकदा उमाबाईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "बैल कशाला दिले त्यांना?" तेवढे वगळता तिची हरकत नाही. खालील साक्षीदारांच्या समोर राजीखुशीने सही करीत आहे.

मुक्काम बोरीहाळ, तारीख १३ जानेवारी १९४९, गुरुवार, माहे इस्फंदार १३५८ फसली.

सही: शरणबसप्पा मल्लप्पा कलशेट्टी

साक्षीदार १: सिद्धेश्वर काशिनाथ कोरे, राहणार बोरीहाळ. सही माझी, समक्ष केली. डोक्याची जखम बरी आहे.

साक्षीदार २: दावलसाब वल्द मौलासाब पिंजारी, राहणार पिंजार गल्ली, बोरीहाळ. लिहिता येत नाही म्हणून डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी. साक्ष का देतोस असे विचारता त्याने सांगितले ते त्याच्याच शब्दांत लिहिले आहे: "मैं देखा. जो लिख्या सो सच्च है. मैं उसके पीछेच था."